तुझ्या दशमातला रवी

शिरू,

तुला तुझ्या आईनं देऊन टाकलं नव्हतं. मी दिलं होतं.

हे एवढं सांगायला मला तुझं सगळं आयुष्य मिळालं होतं. त्यात मी तुझ्याशी हवामानावर बोललो, विजेच्या बिलावर बोललो, तुझ्या लेकीच्या, तन्वीच्या परीक्षेवर बोललो. परवा आपल्या मराठी मंडळाचे लोक घरी आले. म्हणाले, मंडळाच्या अंकात शिरीषवर दोन शब्द लिहा. तू किती छतांवर सोलर बसवलं, किती जणांच्या मदतीला धावलास, तसं काहीतरी त्यांना हवं होतं. ते दुसरं कोणीही लिहील. मी इथं लिहितो आहे याचं कारण वेगळं आहे. तुझ्या आईला ज्यांनी पन्नास वर्षं बोल लावला, त्यांच्याच घरी हा अंक जातो. नर्मदेवर, तिलवाऱ्याच्या घाटावर तुला चितेवर ठेवलेलं असतानाही माझ्या मागे कोणीतरी हळूच म्हणालं, "आईनं लहानपणीच बहिणीला देऊन टाकला होता ना, ते मनात राहिलं बिचाऱ्याच्या." मी मागे वळून पाहिलं नाही.

तुझा जन्म नवतप्यातला. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की पहिले नऊ दिवस जबलपूरची जमीन तव्यासारखी होते, ते तुला मी सांगायला नको. त्याच दिवसांत लोक तुला फोन करायचे, भैया, पॅनेल गरम होऊन फुटेल का म्हणून. दुपारच्या जेवणाचा भोंगा झाला आणि दवाखान्यातून निरोप आला, मुलगा झाला. मी फॅक्टरीच्या फाटकाबाहेर उभा होतो. सावली पायाखाली गोळा झाली होती. वडील झालेल्या माणसाला आधी काय आठवतं मला ठाऊक नाही. मला लग्न आठवलं. लग्न म्हणजे पत्रिकेतलं पहिलं घर, जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवत असते ते. मी मनातल्या मनात मांडलं: सिंह लग्न, सूर्य माथ्यावर, म्हणजे दहाव्या घरात. सायकलवर बसलो आणि दवाखान्यात न जाता क्वार्टरवर आलो. पंचांग उघडलं.

त्या वर्षी शनीही रोहिणीतच होता. तुझ्या दहाव्या घरात रवी आणि शनी एकाच राशीत, जवळजवळ एकाच अंशावर बसले होते.

जे पत्रिका पाहत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. रवी हा ग्रहांमधला राजा. तो आत्म्याचा कारक, हाडांचा, हृदयाचा, मानाचा, सरकारचा. आणि तो बापाचा कारक. दहावं घरही आमच्याकडे बापाचंच धरतात. त्या घरात बापाचाच ग्रह आणि त्याच्या मांडीला मांडी लावून शनी, जो रवीचा मुलगा आणि रवीचाच वैरी. मी ज्या माणसाकडे शिकलो तो अशा पत्रिकेवर बोट ठेवून एकच वाक्य बोलायचा: "पोरगा जवळ, तर बाप नाही."

फॅक्टरीतले अर्धे लोक तेव्हा माझ्याकडे पत्रिका घेऊन यायचे. मराठी यायचे, हिंदीवाले यायचे. "पंडितजी, सूर्य बलवान है कि नहीं, सरकारी नौकरी लगेगी?" मी पैसे घ्यायचो नाही, म्हणून माझ्या शब्दाला वजन होतं. पण मी ज्योतिष शिकलो ते त्यांच्यासाठी नाही. मी अंगावर पीत होतो तेव्हा माझे वडील गेले. माझा जन्म कार्तिकातला, रवी तुळेत, नीच, म्हणजे सगळ्यांत दुबळा. घरात कोणाचं काही हरवलं, सांडलं, बिघडलं की काकू म्हणायची, "यानं तं बाप खाल्ला, आता काय उरलं." मी वाढलो तो हे ऐकत. मला पाहायचं होतं की हे खरं आहे का. खरं नाही असं कुठं लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून शिकत राहिलो. हे मी सूट मागायला सांगत नाही. जे माझ्याशी झालं ते तुझ्याशी होऊ नये असं मला वाटायला हवं होतं. मला वाटलं ते वेगळंच: आता खाल्ला जाण्याची पाळी माझी.

शांतीच्या दिवसापर्यंत बापानं अशा मुलाचं तोंड पाहायचं नसतं. मी पाहिलं नाही. शांतीला गुरुजींनी काशाच्या वाटीत पातळ तूप घेतलं. तुझी आई तुला मांडीवर घेऊन माझ्या मागे बसली आणि मी त्या तुपात तुझं तोंड पहिल्यांदा पाहिलं. पिवळं, हलणारं, डोळे मिटलेलं. मग तुला सुपात ठेवलं. त्या विधीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात आईबाप मूल सुपात घालून दुसऱ्याला देऊन टाकतात, म्हणजे ग्रहांना वाटावं की हे यांचं नाही. दुसऱ्या भागात त्या दुसऱ्या बाईच्या ओटीत गहू घालून मूल परत घेतात. ती म्हणते, "घ्या तुमचं लेकरू," आणि बापानं दोन्ही हात पुढे करायचे. सगळा खेळ अर्ध्या तासाचा. दुसरी बाई म्हणून कुसुममावशीला बोलावलं होतं. गावातल्याच कांचघर वस्तीतून ती नवीन लुगडं नेसून आली होती. लग्नाला बरीच वर्षं होऊन तिची कूस रिकामी होती, आणि तुला हातात घेतल्यावर ती जी रडायला लागली ती थांबेना.

"चला," गुरुजी म्हणाले, "आता परत घ्या. वहिनी, गहू घाला ओटीत."

मी म्हणालो, "गुरुजी, ते आज नको."

"नको म्हणजे? अर्धा विधी सोडता येत नाही हो."

"हिची तब्येत बरी नाही. दूधही पुरत नाही. थोडे दिवस मावशीकडे राहू दे."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "थोडे म्हणजे किती, ते तुम्ही पंचांगात पाहूनच ठेवलं असेल," ते म्हणाले आणि दक्षिणा न घेता उठले.

तुझ्या आईला दूध भरपूर होतं, शिरू. त्या दिवशी ती ते मोरीत पिळून टाकत होती.

आता ती सकाळ सांगतो, शांतीच्या आधीची. ती चुलीपुढे बसली होती. मी तिला पत्रिका समजावली आणि म्हणालो, "पोरगा जवळ राहिला तर मी राहत नाही. आता तूच सांग, तुला कुंकू पाहिजे का लेकरू." बाळंतपणाला पुरता महिनाही झाला नव्हता. तिनं पुष्कळ वेळ चुलीतली लाकडं आतबाहेर केली. मग म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं. पण हे माझ्यावर नका घालू."

मी ते तिच्यावरच घातलं. कुसुमला सांगितलं, "ताईच म्हणते, कुसुमला राहू दे, तिचं घर भरेल." शेजारच्यांना सांगितलं, हिला झेपत नाही. बाप जिवाच्या भीतीनं पोर घराबाहेर ठेवतो, हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. मी ज्योतिषी, माझ्या शब्दाचं काय होईल मग.

आणि मी मुदत वाढवत गेलो. आधी वर्षभर म्हणालो. मग मुंजीपर्यंत. मुंजीच्या सुमारास तुझी शुक्राची दशा संपून रवीची महादशा सुरू झाली. सहा वर्षांची असते ती. जो ग्रह बापावर उठलेला, त्याच्याच दशेत मुलगा घरात आणायचा? ती संपली तेव्हा तुला मिसरूड फुटत होतं. मी कांचघरला येऊन म्हणालो, "चल आता घरी." तू मावशीच्या नवऱ्याकडे पाहिलंस, ज्याला तू बाबा म्हणायचास, आणि मला म्हणालास, "कोणाच्या घरी, नाना?"

मला तू नाना म्हणायचास. तेही मीच शिकवलं होतं. बाबा म्हणू नये, असा माझा उपाय होता.

पण त्या वर्षांतलं एक चांगलं आहे, ते तुला आठवत होतं की नाही मी कधी विचारलं नाही. मी रोज सायकल कांचघरवरून न्यायचो. तू ओट्यावर लट्टू, आपला भोवरा, फिरवत बसलेला असायचास. एकदा सकाळी तू मला अडवलंस.

"नाना, तुम्ही रोज इकडून काहून जाता? तुमचा रस्ता तं तिकडून आहे."

"परतताना इकडं उतार आहे. सायकल आपोआप जाते."

"मग सकाळी चढावरून काहून येता?"

तू लट्टू माझ्या तळहातावर ठेवलास, फिरता. "चलो, तुम्ही धरा. मी गाडी ढकलतो," म्हणालास आणि त्या चढावर मागून सायकल ढकलत आलास, हाश्श हुश्श करत. लट्टू हातावर थांबेपर्यंत मी रवी, शनी, सगळं विसरलो होतो. ते विसरणं मला पुढेही जमवता आलं असतं. तुझे आभार मानायचे ते त्या चढासाठी. एवढा वेळ तरी तुला बाप होता आणि मला मुलगा.

तुझी आई दर शनिवारी तुझ्यासाठी कोथिंबीर भरलेल्या पुडाच्या वड्या घेऊन जायची. तू मोठा होत गेलास तसा तो डबा न उघडलेला परत यायला लागला. "मावशीनं जेवू घातलं," एवढं सांगून तू बाहेर निघून जायचास. ती घरी येऊन त्या वड्या मला वाढायची. मी खायचो.

आपली भांडणं आठवतात. कॉलेजात असताना दिवाळीला आला होतास. मी पहाटे अंगणात सूर्याला अर्घ्य देत होतो. तू दाराशी उभा राहून दात घासत म्हणालास, "नाना, सूर्याचं आणि शनीचं वैर सुरू कोणी केलं?"

"शनीची दृष्टी वाईट. जन्मल्याबरोबर त्यानं बापाकडे पाहिलं आणि..."

"त्याच्याही आधी. बायकोच्या, छायेच्या पोटी काळं पोर जन्मलं, म्हणून सूर्य म्हणाला, हे माझं नाही. बरोबर ना? पोरगं तं पाळण्यात होतं. पाळण्यातलं पोर काय वैर करणार? भांडण बापानं सुरू केलं आणि नाव शनीचं खराब."

"अर्धवट वाचून बोलू नये," मी म्हणालो.

"पूर्ण तुम्ही वाचा ना मग," तू म्हणालास आणि चूळ भरायला गेलास.

तुला तेव्हा काही माहीत नव्हतं. सहज बोलला होतास. मी लोटा हातात धरून उभाच राहिलो. तीच वेळ होती सांगायची. दिवाळी होती, आई आत चिवडा परतत होती, सगळे घरात होते.

पुढे तू सोलरचा धंदा काढलास तेव्हा मला हसू आलं, आणि खरं सांगू, भीतीही वाटली. तू माझ्या छतावर पॅनेल बसवलेस. दक्षिणेकडे तोंड करून. मी म्हणालो, दक्षिण यमाची. तू म्हणालास, "नाना, तुम्ही पूर्वेकडे तोंड करून सूर्याला पाणी देता. मी दक्षिणेकडे तोंड करून त्याच्याकडून घेतो. तुमचं पाणी त्याला पोचते का नाही माहीत नाही, माझी लाईट तं येऊन राहिली." पहिलं बिल आलं ते मला देवासमोर ठेवायला लावलंस. उगाच चिडवायला. मी ठेवलं.

आता आईचं. यासाठीच हा लेख आहे.

ती गेली त्या आठवड्यात तू रोज दुपारी दवाखान्यात यायचास. तिला बोलताना धाप लागायची. एका दुपारी तू तिच्या पायाशी बसला होतास, मी खिडकीशी. तू खाली पाहत म्हणालास, "आई, एक विचारू? राग नाही आता. मावशीला पाहिजे होता, तू दिला, ठीक आहे. मावशीनं कमी केलं नाही काही. पण मोठा झाल्यावर तरी एकदा यायचं होतं ना न्यायला. तू. नाना आले होते. तू काहून नाही आली?"

ती तुझ्याकडे पाहत नव्हती. माझ्याकडे पाहत होती. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं असेल तर ते तेव्हा. मी काय केलं माहीत आहे? मी पाण्याचा जग उचलला आणि म्हणालो, "पाणी संपलं वाटतं, भरून आणतो." जग अर्धा भरलेला होता. मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मला मागून तिचा आवाज ऐकू आला.

"चुकलं रे माझं," ती म्हणाली.

तू तिच्या पायावरची चादर सारखी केलीस. त्यानंतर तू तिच्याशी चांगला वागलास, शेवटपर्यंत. क्षमा केल्यासारखा. तिला तुझी क्षमा घेऊन जावी लागली, शिरू, जे तिनं केलंच नव्हतं त्याची.

आणि मग ही दिवाळी. तू तन्वीला घेऊन पॅनेल धुवायला आला होतास. धूळ फार बसली होती. काम झाल्यावर तू घामेजून खाली आलास, पंख्याखाली बसलास. तन्वीनं फोनवर कसलंसं ॲप उघडलं होतं. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना हिंदीवर जाते.

"आजोबा, ये देखो. पप्पांच्या कुंडलीत सूर्य और शनि साथ में. लिखा है, पिता से दूरी."

तू मोठ्यानं हसलास. "अच्छा. म्हणजे फुकटच्या ॲपलाही दिसते." मग टॉवेलनं मान पुसत तू माझ्याकडे पाहिलंस. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण डोळे थांबले होते. "नाना, तुम्ही तं सगळ्या फॅक्टरीच्या पत्रिका पाहायचे. माझी पाहिली होती तेव्हा?"

"पाहिली असेल."

"मग हे दिसलं नाही?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न तू मला पहिल्यांदा विचारलास. मला वाटतं तुला उत्तर कळलं होतं. तुला फक्त ते माझ्या तोंडून पाहिजे होतं. आणि मी म्हणालो, "ॲपला काय कळतं. बल पाहावं लागतं, दृष्टी पाहाव्या लागतात. यंत्राचं काम नाही ते."

"बरं," तू म्हणालास. "चलो, तन्वी."

जिन्यावर तू थांबलास. हात कठड्यावर ठेवून उभा राहिलास. मला वाटलं आता वळशील. तू म्हणालास, "गॅस झाला वाटते," आणि खाली गेलास. मी तुझ्या मागे आलो नाही. मला तुझी पाठ दिसत होती आणि मला बरं वाटत होतं की विषय संपला.

त्यानंतर तुझा फोन आला नाही. दिवाळी सरायच्या आत दुसऱ्या कोणाचा आला. तू कामावर होतास, कोणाच्या तरी छतावर. तिथंच कोसळलास.

घाटावर अग्नी तन्वीनं दिला. कोणी कुरकुरलं तेव्हा ती म्हणाली, "मैं दूँगी. पप्पा मेरे थे." मला तिचा हेवा वाटला. माझे होते असं म्हणायला तिला कोणाला विचारावं लागलं नाही. त्याआधी घाटावरच्या गुरुजींनी तुपाची वाटी पुढे केली आणि विचारलं, "वडील कोण?" मी पुढे झालो. तुझ्या कपाळाला, डोळ्यांना, ओठांना मी तूप लावलं. पहिल्यांदा तुझं तोंड पाहिलं तेव्हा ते तुपातच होतं, पण तेव्हा मी हात लावला नव्हता.

लोक भेटायला येतात. माझे जुने पत्रिकावाले हळूच विचारतात, कोणती दशा चालू होती, रवी कुठं होता. मी पंचांग उघडलेलं नाही. रवी कुठं होता मला ठाऊक आहे. दिवाळी रवी तुळेत असतानाच येते, मी जन्मलो तेव्हा होता तसा. पण मी पाहणार नाही.

तुझी पत्रिका मात्र डोळ्यांपुढून जात नाही. ती मला पाठ आहे. इतकी वर्षं मी तिच्यात स्वतःला शोधत होतो, म्हणून बाकी काही दिसलं नाही. सूर्याच्या फार जवळ गेलेला ग्रह अस्त पावतो, हा ज्योतिषातला पहिल्या दिवशी शिकवायचा नियम आहे. आभाळात तो दिसेनासा होतो. त्या दिवशी शनी रवीला जाऊन चिकटला होता, म्हणजे झाकला गेला तो शनी. सूर्याला काही झालं नव्हतं. मुलगा झाकला गेला होता, बाप लख्ख होता. मी शेकडो लोकांना हा नियम सांगितला, आणि माझ्या घरच्या पत्रिकेत तो मला लागू करता आला नाही. शिवाय तुझं लग्न सिंह. सिंहेचा मालक रवी, आणि लग्नाचा मालक म्हणजे तो माणूस स्वतः. म्हणजे तुझ्या माथ्यावरचा तो भर दुपारचा रवी आधी तू होतास, मग बाप. त्यात तुझं हृदय होतं, तुझी हाडं होती. उन्हातलं काम होतं, स्वतःच्या हातानं कमावलेलं नाव होतं. सगळं लिहिलेलं होतं. मी फक्त माझं मरण वाचलं. आणि पत्रिका तर तुझी होती. त्यात दूरचा, थंड बाप दिसत होता तो तुझ्या नशिबात येणारा बाप होता. तो कोण, हे मला कळायला हवं होतं. ते संकट माझ्यावर येणार नव्हतं. मीच ते होतो.

तू म्हणायचास, नाना, हे सगळं खोटं आहे. मला तसं म्हणता आलं तर मी सुटतो का? खोटं असेल तर मी तुला काहीच नसताना टाकलं. खरं असेल तर मी चुकीचं वाचून टाकलं. मी अजूनही मानतो, शिरू. मानतो म्हणून मला इकडूनही वाट नाही, तिकडूनही नाही. मी ऐंशीच्या पुढे गेलो. शनी रवीला खातो म्हणणारा बाप जिवंत बसला आहे आणि तुझ्या पॅनेलवर चालणारा पंखा त्याच्या डोक्यावर फिरून राहिला आहे.

तुझा तेरावा झाल्यावर मी रिक्षा करून कांचघरला गेलो. पिशवीत गहू घेतले होते. मावशी ओट्यावर बसली होती, तू लट्टू फिरवायचास तिथंच. तिला आता नीट दिसत नाही, पण माझा खोकला तिनं ओळखला.

"या भाऊजी. काय आणलं? तेराव्याचं उरलं का?"

"नाही. गहू आहेत."

"गहू कशाला?"

मी तिथंच तिला सगळं सांगितलं. जसं इथं लिहिलं तसंच, पत्रिका, चूल, मोरी, पाण्याचा जग. समोरून एक भाजीवाला ओरडत गेला, तो जाईपर्यंत तिनं वाट पाहिली.

"म्हणजे ताईनं दिला नव्हता," ती म्हणाली.

"नाही."

"मी दर संक्रांतीला तिची ओटी भरली. म्हणायची, ताई, तू दिला म्हणून माझं घर भरलं. ती हो म्हणायची. एकदाही बोलली नाही की मी नाही दिला."

"तिला मीच..."

"तुमचं राहू द्या भाऊजी. मी तिचं बोलून राहिली." तिनं पदर तोंडाशी धरला आणि सोडला. "तिचं लेकरू मी तिच्यासमोर मिरवून राहिली होती. तिला वड्यांचा डबा घेऊन दारात उभं केलं मी. आणि मला वाटे, माझ्यासारखी बहीण कोणाला नाही."

मला तिच्याजवळून काहीतरी हवं होतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली. मला वाटलं आता येणार नाही. आली तेव्हा तिच्या हातात सूप होतं. शांतीचं ते सूप नव्हे, ते कधीच मोडलं असेल. रोजचं, तांदूळ पाखडायचं, कडेला चिंध्या शिवलेलं. ती खाली बसली, पदर पसरला आणि म्हणाली, "घाला."

मी पिशवी उलटी केली. गहू तिच्या पदरात पडले. थोडे ओट्यावर सांडले.

तिनं दोन्ही हातांनी ते सूप उचललं आणि माझ्यापुढे धरलं. त्यात काहीच नव्हतं. तिला दिसत नसल्यामुळे ते थोडं माझ्या डावीकडे गेलं होतं.

"घ्या तुमचं लेकरू," ती म्हणाली.

मी दोन्ही हात पुढे केले.